शाळा व्यवस्थापन समिती : आपली जागा मागायची कशी आणि मिळाल्यावर करायचे काय?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की आपल्या वस्तीत महिनाभर आधीपासून बैठका सुरू होतात. कोणत्या वॉर्डात कोण उभे राहणार, आरक्षण कोणते सुटले, कोणाची किती मते, हे पोरासोरांनाही तोंडपाठ असते. त्याच गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दर दोन वर्षांनी आणखी एक निवड होते. तिची चर्चा मात्र ना पारावर होते, ना विहारात. पालक सभेची नोटीस मुलाच्या वहीत लिहून येते. दहा-पंधरा पालक जमतात, आधीच तयार असलेली यादी वाचून दाखवली जाते, टाळ्या वाजतात, सह्या होतात आणि शाळा व्यवस्थापन समिती स्थापन झाली असे वहीत लिहिले जाते.

आमच्या भागातली एक ताई मजुरीला जाते. तिचा मुलगा तेव्हा दुसरीत होता. एकदा विहारात ती सहज म्हणाली, "मी समितीत हाये, हे मला सही मागायला आले तवा कळलं." वही उघडली तर आधीच्या अनेक बैठकांना तिची हजेरी लागलेली होती. फक्त सह्यांच्या जागा रिकाम्या होत्या. त्या तिने एका दमात भरून दिल्या. त्या बैठकांत काय ठरले, किती पैसे आले आणि कशावर गेले, यातले तिला काहीच ठाऊक नव्हते.

हा लेख त्या रिकाम्या जागांबद्दल आहे. समितीवरची जागा ही मुख्याध्यापकांनी किंवा सरपंचांनी केलेली मेहेरबानी नाही, तो कायद्याने दिलेला वाटा आहे. तो मागायचा कसा आणि मिळाल्यावर वापरायचा कसा, ते पाहू.

ही समिती आहे तरी काय?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. अनुदानित शाळांत समितीचे काम केवळ सल्ला देण्याचे असते.

समितीच्या रचनेबद्दल कायदा तीन गोष्टी ठामपणे सांगतो.

१. किमान तीन-चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आई-वडील किंवा पालक असले पाहिजेत.
२. एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असल्या पाहिजेत.
३. वंचित गटातील आणि दुर्बल घटकातील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे.

महाराष्ट्र शासनाने जून २०१० मध्ये काढलेल्या शासन निर्णयाने समितीचा तपशील ठरवला. सदस्य १२ ते १६. पालक सदस्यांची निवड पालक सभेतून. उरलेल्या जागांवर ग्रामपंचायतीचा एक निवडून आलेला सदस्य, शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक आणि पालकांनी निवडलेला एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच. मुख्याध्यापक हे सदस्य सचिव. मुदत दोन वर्षे आणि महिन्यातून किमान एक बैठक. शासन निर्णयांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून सभेच्या आधी केंद्रप्रमुखांकडे सध्या लागू असलेल्या निर्णयाची प्रत मागावी. कलम २१ मधल्या वरच्या तीन अटी मात्र संसदेने केलेल्या कायद्यातल्या आहेत. त्या गावपातळीवर कोणालाही बाजूला ठेवता येत नाहीत.

'प्रमाणात' या शब्दाचा अर्थ

"तुमच्यातलाही एक घेतलाय की!" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. कायदा एक घ्या असे म्हणत नाही. तो प्रमाणात घ्या असे म्हणतो. या दोन्हींत किती फरक पडतो, ते आकड्यांतून पाहू.

समजा शाळेचा पट ६० आहे. त्यात बौद्ध आणि इतर अनुसूचित जातींची मिळून २० मुले आहेत, म्हणजे एक-तृतीयांश. समिती १२ जणांची असेल तर पालकांच्या किमान ९ जागा होतात. त्यांच्या एक-तृतीयांश म्हणजे ३ जागा. शिवाय १२ पैकी ६ महिला हव्यात आणि प्रत्येक इयत्तेच्या पालकांना स्थान हवे. असा हिशोब कागदावर मांडून सभेत गेलात की "एक घेतलाय" हे उत्तर टिकत नाही.

कायद्याच्या व्याख्येनुसार अनुसूचित जातींची मुले 'वंचित गटा'त येतात. बौद्ध म्हणून नोंद असलेल्या मुलांचे काय, असा प्रश्न काही ठिकाणी मुद्दाम उकरून काढला जातो. १९९० साली संविधान (अनुसूचित जाती) आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा स्पष्ट समावेश झाला. त्यामुळे धर्माने बौद्ध आणि प्रवर्गाने अनुसूचित जाती यांत कसलाही विरोध नाही. फक्त शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आपल्या मुलांच्या प्रवर्गाची नोंद बरोबर आहे का, हे पाहून ठेवा. प्रमाण तिथूनच मोजले जाते. शिष्यवृत्त्यांची यादीही तिथूनच निघते.

उमेदवार कोण?

तरुण मित्रांनो, इथे थोडे कडू बोलावे लागेल. ज्याचे मूल त्या शाळेत नाही, त्याला पालक म्हणून समितीवर जाता येत नाही. म्हणजे आपल्यातले बहुतेक कार्यकर्ते या जागांसाठी पात्रच नाहीत. पात्र आहे ती वहिनी, जिच्या दोन मुली पहिली आणि तिसरीत आहेत. पात्र आहे ती काकू, जी नातवाला सांभाळते आणि त्याची पालक म्हणून शाळेत जाते. या निवडणुकीत आपले काम उभे राहण्याचे नाही, दुसऱ्याला उभे करण्याचे आहे. बॅनरवर फोटो येणार नाही, हे आधीच मान्य करून कामाला लागायचे.

वस्तीत कोणी शिक्षणात काम केलेले असेल, निवृत्त शिक्षक असेल किंवा अभ्यासिका चालवणारा पदवीधर असेल, तर स्थानिक शिक्षणतज्ज्ञाच्या जागेसाठी त्याचे नाव पुढे करता येते. ती निवडही पालकच करतात.

पालक सदस्य सुचवताना तीन गोष्टी पाहाव्यात. मूल खालच्या इयत्तेत असावे. चौथीपर्यंतच्या शाळेत चौथीतल्या मुलाची आई वर्षभरात शाळेबाहेर पडते. दुसरे म्हणजे माणूस गावात राहणारा असावा, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर सहा महिने बाहेर जाणारे कुटुंब असेल तर दुसऱ्या नावाचा विचार करावा. आणि तिसरे, चारचौघांत "थांबा, मला कळले नाही" असे म्हणण्याची हिंमत असावी. शिक्षणाची अट कायद्यात नाही. वाचता येत नसेल तर शेजारी बसून वाचून दाखवणारा आपल्यातलाच कोणीतरी असू शकतो.

सभेच्या आधीचे पंधरा दिवस

यादी पालक सभेत ठरते, असे कागद म्हणतो. प्रत्यक्षात ती आधीच्या आठवड्यात ठरलेली असते. म्हणून तयारीही आधीच व्हायला हवी.

१. जुन्या समितीची मुदत कधी संपते, ते मुख्याध्यापकांना विचारा. शाळेच्या दर्शनी भागात समितीचा फलक असेल तर त्यावरून तारखेचा अंदाज येतो.

२. इयत्तावार पट आणि त्यातली प्रवर्गवार संख्या मागा. तोंडी मिळाली नाही तर साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या. तरीही टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ आहेच. पण त्यात ३० दिवस जाऊ शकतात, म्हणून लवकर सुरुवात करा.

३. सभेची वेळ मागून घ्या. सकाळी अकराला सभा ठेवली तर मजुरीवर जाणारा पालक येणार कसा? रोज बुडवून तो येत नाही आणि मग "तुमचे लोक सभेला येतच नाहीत" असे ऐकावे लागते. बाजाराच्या दिवशी, सुटीच्या दिवशी किंवा सायंकाळी सभा घ्यावी, असा दहा-वीस पालकांच्या सह्यांचा अर्ज द्या.

४. घरोघर जाऊन पालकांशी बोला, फक्त आपल्याच वस्तीत नाही. मातंग, चर्मकार, भटके, आदिवासी आणि गावातले गरीब कुणबी-मराठा कुटुंब यांचीही मुले त्याच वर्गात बसतात. ज्या शाळेत एक शिक्षक कमी आहे, तिथे तो सगळ्यांच्याच मुलांना कमी आहे. या पालकांशी आधी बोलणे झाले असेल, तर सभेत आपली तीन माणसे एकटी पडत नाहीत.

५. प्रत्येक नावासाठी सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवून ठेवा. सभेत यादी वाचली गेली की शांतपणे उभे राहून म्हणा, "ही निवड पालकांनी करायची आहे. आम्ही अमुक नाव सुचवतो." नाव आणि सूचना इतिवृत्तात लिहिली गेली का, ते सभा संपण्याआधी पाहा.

यात भांडणाचा सूर नको. बहुतेक मुख्याध्यापकांना समितीची डोकेदुखी लवकर संपवायची असते, एवढेच. दोन शिक्षकी शाळेत तेच शिकवतात, तेच ऑनलाइन माहिती भरतात आणि तेच तांदळाचा हिशोब ठेवतात. तयारीने आलेले पालक त्यांना नको असतीलच असे नाही. कित्येकांना ते हवेही असतात.

निवडून आल्यावर : तीन कागद

समितीचे काम कायद्यात लिहिलेले आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे. हे तीन कागदांत दिसते.

पहिला कागद म्हणजे इतिवृत्ताची वही. बैठकीची सुरुवात मागचे इतिवृत्त मोठ्याने वाचून झाली पाहिजे. जे वाचले नाही, त्याखाली सही करायची नाही. कोऱ्या पानावर तर कधीच नाही. आपला मुद्दा मान्य झाला नाही तरी तो मांडला होता, एवढे लिहून घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हीच वही साक्षीला उभी राहते.

दुसरा कागद, शाळा विकास आराखडा. तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात दर वर्षाचा वेगळा भाग असतो. पुढच्या वर्षी कोणत्या इयत्तेत किती मुले येतील, किती शिक्षक लागतील, खोल्या, स्वच्छतागृहे, पाणी, कुंपण यांत काय कमी आहे आणि त्याला किती पैसा लागेल, हे त्यात लिहायचे असते. आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत तो तयार असावा. यासाठी कायद्याची अनुसूची हाताशी ठेवा. मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, सर्व मुलांना सुरक्षित आणि पुरेसे पिण्याचे पाणी, पोषण आहारासाठी स्वयंपाकघर, खेळाचे मैदान आणि कुंपण या सगळ्या गोष्टी त्यात आहेत. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांसाठी ३ शिक्षक, असेही तिथे लिहिले आहे. संचमान्यतेचे शासन निर्णय बदलत राहतात, पण आपली मागणी कायद्यातल्या आकड्यावर उभी राहिली पाहिजे. म्हणून शाळाबाह्य असलेले एक मूल शोधून दाखल करणे हे पुण्यकर्म तर आहेच, पण कधी कधी त्याच एका मुलावर तिसऱ्या शिक्षकाची मागणी उभी राहते.

तिसरा कागद म्हणजे कीर्द. समग्र शिक्षेतून शाळेला पटानुसार वार्षिक अनुदान मिळते. ते किती आले, कधी आले आणि कशावर खर्च झाले, हे दर बैठकीत विचारा. पावत्या पाहा. ज्या रंगकामाचे बिल आहे, ती भिंत जाऊन पाहा. प्रश्न विचारणे म्हणजे आरोप करणे नव्हे. हिशोब स्वच्छ असेल तर मुख्याध्यापकांच्याही मागे समिती उभी राहते.

पंगत, पाणी आणि बाक

बाबासाहेबांनी आपल्या शाळेतल्या दिवसांबद्दल स्वतः लिहून ठेवले आहे. घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई हजर नसेल तर पाणीही मिळत नसे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. फोटोला हार घालताना एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या गावातल्या शाळेत आज कोण कुठे बसते?

गोणपाट गेले. पण खिचडीची पंगत कशी बसते, ताटे कोण धुते, वर्ग झाडायला रोज कोणाचे नाव येते आणि मॉनिटर कोण होतो, हे पाहण्यासारखे आहे. वंचित गटातील मुलांशी भेदभाव होणार नाही, याची जबाबदारी कायद्याच्या कलम ८ आणि ९ ने शासन आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे. जातीवरून टोमणा मारणे मानसिक छळातच मोडते.

पोषण आहाराबद्दलही दोन गोष्टी लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. स्वयंपाकी-मदतनीस निवडण्याचा विषय समितीपुढे आला की हा आदेश मांडा. आणि मध्यान्ह भोजन नियम, २०१५ प्रमाणे सलग ३ दिवस किंवा महिन्यात ५ दिवस आहार मिळाला नाही, तर राज्य शासनाने जबाबदारी निश्चित करायची आहे. तेव्हा आहार बंद राहिलेल्या दिवसांची नोंद सदस्याने स्वतःच्या वहीत ठेवावी.

जे समितीच्या हातात नाही

समिती शिक्षकाची नेमणूक करत नाही, बदली करत नाही आणि त्याला निलंबितही करत नाही. शिक्षक नियमित आणि वेळेवर येतात का, पालकांना मुलांच्या प्रगतीची माहिती देतात का, हे पाहणे तिच्या कक्षेत येते. भावकीतली किंवा पक्षातली जुनी भांडणे समितीत आणली की सगळ्यात आधी मुलांचे नुकसान होते. आपल्याच समाजाचा शिक्षक उशिरा येत असेल तर त्यालाही तोच प्रश्न विचारता आला पाहिजे.

समितीत ऐकले गेले नाही तर पुढची वाट आहे. कलम ३२ प्रमाणे मुलाच्या हक्काबाबत कोणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. त्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. इथे पालक असण्याचीही अट नाही. तरुण कार्यकर्त्याला थेट करता येण्यासारखे काम हेच आहे.

"आपली मुले तर इंग्रजी शाळेत जातात"

हा आक्षेप प्रामाणिक आहे. ज्याला परवडते, त्याने मुलाला पिवळ्या बसमध्ये बसवले. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण मग जिल्हा परिषदेच्या शाळेत उरले कोण? ज्याची आई दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जाते, ते मूल. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा सगळ्यात मोठी काळजी याच घरांची होती. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. वस्तीवरची शाळा बंद होत असताना पहिला ठराव कोणाचा हवा? समितीचा. ती समिती कागदावरचीच असेल, तर ठराव कोण करणार?

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. तो हक्क कायद्यात यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. त्या कायद्याने गावातल्या मजूर आईलाही देखरेखीचा अधिकार दिला आहे. तो सही करून परत द्यायचा नाही.

सुरुवातीला सांगितलेली ताई पुढच्या वेळी पुन्हा समितीवर गेली, या वेळी पालक सभेत हात वर करून. तिला नीट वाचता येत नाही. अकरावीत शिकणारी पुतणी तिच्यासोबत जाते आणि मागचे इतिवृत्त तिला वाचून दाखवते. पहिल्या दोन बैठकांत काही जण हसले. तिसऱ्या बैठकीत दुसऱ्या एका आईने विचारले, "जरा मोठ्यानं वाच ना गं, आम्हालाबी ऐकू दे."

आपल्या गावातल्या समितीची मुदत कधी संपते, ते या आठवड्यात विचारून या.

जय भीम.